फोन वाजला, भोंगा वाजला; पण गावाला कळलं का? आपत्ती सूचनेची चाचणी घेण्याची रीत

२० जुलै २०२३ रोजी सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रातले असंख्य मोबाईल एकदम कर्कश वाजले. पडद्यावर इंग्रजी मथळा होता : 'इमर्जन्सी अलर्ट : सिव्हिअर'. खाली दूरसंचार विभागाचा मजकूर होता. हा चाचणीचा नमुना संदेश आहे, दुर्लक्ष करा, तुम्हाला काहीही करायचं नाही. काहींना तोच मजकूर मराठीतही आला. आदल्या रात्री रायगडात इरशाळवाडीवर दरड कोसळली होती आणि कोकणात पावसाचा जोर होता. अशा सकाळी फोन किंचाळल्यावर लोकांनी मथळा तेवढा वाचला, 'सिव्हिअर' शब्द पाहून धसका घेतला आणि घाईघाईत 'ओके' दाबून संदेश घालवून बसले. खालची ओळ वाचायची राहूनच गेली.

अशा चाचणीत सरकारला कळतं की टॉवरवरून संदेश निघाला. तो तुमच्या वाडीतल्या शेवटच्या घरात पोचला का, कुणाला समजला का, समजल्यावर कुणी शेजारच्या आजींना उठवलं का, हे मंत्रालयातून दिसत नाही. ते गावाने, वॉर्डाने, सोसायटीनेच तपासायचं असतं. पुढे दिलेली रीत त्यासाठीच आहे. सरकारी चाचणी जाहीर झाली तर तिच्यावर स्वार व्हा, नाही झाली तर गावापुरती स्वतःची चाचणी घ्या.

संदेश येतो कसा, हे आधी समजून घ्या

या तंत्राला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. एसएमएस एकेका नंबरला वेगळा पाठवावा लागतो, म्हणून गर्दीच्या वेळी तो तासभर उशिरा येतो. सेल ब्रॉडकास्टला तुमचा नंबर ठाऊकच नसतो. टॉवर संदेश हवेत सोडतो आणि त्या टॉवरच्या टप्प्यातला जो फोन चालू असेल तो उचलतो, आकाशवाणीसारखं. त्यामुळे नेटपॅक संपलेला असला, डीएनडी लावलेलं असलं, तरी तो येतो. विमान मोडवरच्या किंवा नुसत्या वायफायवर चालणाऱ्या फोनला तो येत नाही.

तंत्र नवं नाही. जुन्या नोकियाच्या पडद्यावर कोपऱ्यात भागाचं नाव उमटायचं, प्रवासात ते बदलत जायचं, आठवतंय? ते हेच सेल ब्रॉडकास्ट, ५० नंबरच्या चॅनलवरून येणारं. आता त्याला आवाज, कंपन आणि सक्ती मिळाली आहे. सूचना तयार होते ती राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या व्यवस्थेवर. ती सी-डॉट या दूरसंचार विभागाच्या संशोधन संस्थेने बांधली आहे. हवामान खातं, केंद्रीय जल आयोग, राज्याचं आपत्ती प्राधिकरण अशा संस्था तिथे इशारा भरतात, नकाशावर क्षेत्र आखतात, आणि तो एसएमएस, ॲप, सेल ब्रॉडकास्ट अशा वाटांनी बाहेर पडतो.

चॅनलचा एक बारकावा लक्षात ठेवला तर 'माझ्या फोनवर का नाही आलं' या निम्म्या तक्रारींचं उत्तर मिळतं. आंतरराष्ट्रीय मानकात आणीबाणीच्या संदेशांना ४३७० पासून पुढचे क्रमांक दिलेले आहेत. सर्वांत वरचा दर्जा, अतितीव्र, तीव्र असे गट आहेत, आणि ४३८० चाचणीसाठी तर ४३८१ सरावासाठी राखीव आहे. बऱ्याच फोनमध्ये चाचणीच्या चॅनलचं बटण कारखान्यातूनच बंद येतं. म्हणजे संदेश खऱ्या इशाऱ्याच्या चॅनलवर सोडला तर सगळे फोन ओरडतात आणि चाचणीच्या चॅनलवर सोडला तर निम्मे गप्प बसतात. दोन्हीत फोन बिघडलेला नसतो.

फोनची तपासणी : घरटी दहा मिनिटं

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधपट्टीत 'इमर्जन्सी अलर्ट' लिहा. मेनू शोधत बसू नका, कारण प्रत्येक कंपनीने तो वेगळ्या कोपऱ्यात ठेवलाय. काहींत तो 'सेफ्टी अँड इमर्जन्सी'खाली असतो, काहींत 'साउंड'खाली. 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' नावाचं पान उघडेल. मुख्य बटण चालू हवं, तीव्र आणि अतितीव्र इशाऱ्यांची बटणं चालू हवीत, आणि चाचणीच्या दिवसापुरतं 'टेस्ट अलर्ट्स'ही चालू करा. त्याच पानावर बहुतेक फोनांत जुन्या इशाऱ्यांची यादी असते. तिची जागा आत्ताच बघून ठेवा. गडबडीत 'ओके' दाबल्यावर मजकूर पुन्हा वाचायची ती एकच जागा आहे, कारण हा संदेश इनबॉक्समध्ये जात नाही.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि थेट तळाशी जा. सरकारी सूचनांचा आणि चाचणी सूचनांचा विभाग तिथे असतो. सिम घातलेलं नसेल तर तो विभाग दिसतच नाही, तेव्हा घाबरून दुकानात धावू नका.

बटणांचे फोन अजून घराघरांत आहेत, विशेषतः ज्येष्ठांकडे, आणि इशाऱ्याची गरज त्यांनाच जास्त. मेसेजेसच्या मेनूत 'ब्रॉडकास्ट', 'सेल इन्फो' किंवा 'इन्फो मेसेज' असा पर्याय असतो, तो चालू करा. मग त्याच फोनवर कुणाकडून तरी मराठीतला साधा एसएमएस मागवा. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर त्या फोनमध्ये देवनागरी नाही, म्हणजे मराठी इशाराही चौकोनातच येणार. अशा घराची नोंद वहीत 'फोन आहे, वाचता येणार नाही' अशी करा. 'फोन आहे' एवढंच लिहून पुढे गेलात तर यादी खोटी झाली.

दोन सिमचा फोन असेल तर चाचणीत तो दोनदा वाजू शकतो, कारण दोन कंपन्यांचे दोन टॉवर आहेत. मराठी आणि इंग्रजी वेगवेगळे आले तर चारदाही वाजेल. हे आधी सांगून ठेवा. नाहीतर 'चार वेळा आलं म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं आहे' असा अर्थ लावायला लोक तयारच असतात.

रिचार्जच्या जाहिराती फोनच्या पडद्यावर मध्येच उपटतात, त्या सिममधल्या सेवेच्या असतात. त्या बंद करता येतात, सिम टूलकिटमध्ये जाऊन करून टाका. दिवसाला पाच वेळा पडद्यावरची चौकट न वाचता घालवायची बोटाला सवय लागली की सहावी चौकट पुराची असली तरी बोट तेच करतं.

दिवस आणि वेळ

सकाळी अकरा ते बारा ही वेळ बरी. पहाटे आणि सायंकाळी धारा काढायची वेळ असते, भोंग्याने जनावरं बुजतात आणि लाथ बसते ती माणसाला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सार्वजनिक आणीबाणीत ती शिथिल होते, चाचणीसाठी होत नाही. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राचाही विचार करा. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस टाळा. बाजाराचा दिवस टाळू नका, उलट एखादी चाचणी मुद्दाम त्याच दिवशी ठेवा. निम्मं गाव घराबाहेर असताना काय होतं हे तेव्हाच दिसतं.

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर चाचणी पुढे ढकला, मग मांडव घातलेला असो की पाहुणे बोलावलेले असोत. आसपास नुकतीच दुर्घटना झाली असेल तरीही पुढे ढकला. खऱ्या धोक्याच्या दिवशी 'ही चाचणी आहे' म्हणणं हा सर्वांत महागात पडणारा घोळ आहे.

पहिली चाचणी मे महिन्यात घ्या. पण मेमधल्या निकालावर विसंबू नका. कोरड्या हवेत दीड किलोमीटर ऐकू गेलेला भोंगा जुलैत पत्र्याच्या घरात ऐकू येत नाही, कारण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा ताशा त्याच्यापेक्षा जवळ वाजत असतो. म्हणून जूनच्या अखेरीस, पाऊस आहे पण इशारा नाही अशा दिवशी दुसरी, छोटी चाचणी घ्याच.

परवानगीचं विसरू नका. तहसीलदार, पोलीस ठाणे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष यांना किमान सात दिवस आधी लेखी कळवा. दिवस, वेळ, भोंगा किती मिनिटं, जबाबदार माणूस कोण, एवढं पुरे. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी १०७७ या जिल्हा कक्षाच्या क्रमांकावर आणि ठाण्यात फोन करून आठवण द्या. ड्युटी बदललेली असते, पत्र फायलीत असतं, आणि भोंगा ऐकून घाबरलेले लोक ११२ लावतात.

मजकूर : पहिला शब्द 'चाचणी', शेवटचाही 'चाचणी'

लोक पहिली ओळ वाचतात, फार तर शेवटची. म्हणून दोन्हीकडे तोच शब्द हवा. मध्ये कोण पाठवतंय, काय करायचं आणि काय करायचं नाही. 'नागरिकांनी सतर्क राहावे' हे वाक्य खोडून टाका, सतर्क राहणं म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यातून कुणालाच कळत नाही.

मराठी संदेशाची लांबी मोजायची रीत वेगळी आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. आणि ही ७० मोजताना काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. 'ग्रामपंचायत' डोळ्यांना सहा अक्षरांचं दिसतं, फोन ते अकरा मोजतो : ग, हलन्त, र, काना, म, प, अनुस्वार, च, काना, य, त. सत्तरच्या पुढे गेलात की संदेशाचे तुकडे होतात आणि गर्दीत दुसरा तुकडा आधी येतो. सेल ब्रॉडकास्टमध्ये जागा जास्त असते. टूजीच्या मानकानुसार इंग्रजीत १,३९५ अक्षरांपर्यंत आणि देवनागरीत साधारण ६०० पर्यंत. पण जागा आहे म्हणून भरायची नसते.

सत्तरच्या आत बसणारा एक नमुना :

'चाचणी. गाव खाली करू नका. भोंगा ऐकला तर गटप्रमुखाला कळवा. चाचणी.'

मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून हे ६३ होतात. यात गावाचं नाव घालायला फक्त सात जागा उरतात, म्हणून नाव पाठवणाऱ्याच्या जागी येऊ द्या.

ठोकभावात एसएमएस पाठवायचे असतील तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार आधी नोंदवावा लागतो. नोंदलेल्या साच्यात एक शब्द बदलला तरी कंपनीची चाळणी संदेश अडवते, आणि पैसे भरलेले असूनही गावात एकही फोन वाजत नाही. तीन साचे नोंदवून ठेवा : चाचणी सुरू, चाचणी संपली, आणि 'आधीचा संदेश चुकीचा होता'. तिसरा सगळे विसरतात. हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ ला सकाळी सरावाऐवजी खरा क्षेपणास्त्र-इशारा गेला आणि 'तो खोटा होता' हे फोनवर कळवायला ३८ मिनिटं लागली. चुकीचा संदेश क्षणात गेला, दुरुस्तीचा मजकूर मात्र तयारच नव्हता.

भाषांतरही कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ च्या देशव्यापी चाचणीत वेल्श मजकुरात 'सुरक्षित' या अर्थाच्या शब्दाच्या जागी भलताच, अर्थहीन शब्द गेला. त्याच दिवशी काही फोन ठरल्या वेळेच्या मिनिटभर आधी वाजले आणि एका कंपनीच्या बऱ्याच ग्राहकांना संदेश आलाच नाही. सीमाभागातल्या गावांनी, म्हणजे शिरोळ, चंदगड, जत, अक्कलकोट या बाजूच्या, मराठीसोबत कानडी मजकूर कानडी बोलणाऱ्याकडूनच तपासून घ्यावा.

खऱ्या इशाऱ्याचा मजकूर आधीच लिहून ठेवत असाल तर गावाला ठाऊक असलेली खूण त्यात घाला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी लोकांच्या तोंडी आहे. सांगलीत आयर्विन पुलाची ४० आणि ४५ तशीच. 'विसर्ग इतके क्युसेक' वाचून जे कळत नाही ते 'आयर्विनला ४० झाले' म्हटल्यावर लगेच कळतं.

भोंगा आणि कर्णे

नागरी संरक्षणाची भोंग्याची भाषा ठरलेली आहे. चढ-उतार करणारा आवाज दोन मिनिटं म्हणजे हवाई हल्ल्याचा इशारा, एकसंध सरळ आवाज दोन मिनिटं म्हणजे धोका टळला. ७ मे २०२५ च्या 'ऑपरेशन अभ्यास'मध्ये देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांची निवड सरावासाठी झाली होती, त्यामुळे ही भाषा बऱ्याच जणांच्या कानात बसली आहे. पुराच्या किंवा दरडीच्या इशाऱ्यासाठी ती वापरू नका.

इथे विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या भोंग्याची खोड समजून घ्यावी लागते. बटण सोडल्यावर तो लगेच थांबत नाही, फिरता फिरता घरंगळत खाली येतो. पाच-पाच सेकंदांनी चालू-बंद केलात तर लोकांना ऐकू येतो तो नेमका हवाई हल्ल्याचा चढ-उतार. म्हणून अंतर मोठं ठेवा. एक मिनिट सलग, एक मिनिट पूर्ण शांत, असं तीन वेळा. एकूण पाच मिनिटं. ही लय तहसील कार्यालयाकडून मंजूर करून घ्या आणि शेजारच्या गावांची तीच ठेवा, नाहीतर नदीच्या दोन काठांवर एकाच आवाजाचे दोन अर्थ होतील.

गावात भोंगा आधीपासून दुसऱ्या कामासाठी वाजत असेल तर आणखी सावध राहा. साखर कारखान्याच्या पाळ्या आहेत, नगरपालिकेचा सकाळचा भोंगा आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे तर संध्याकाळी सातला टीव्ही-मोबाईल बंद करण्यासाठी भोंगा वाजतो. कान सरावलेल्या आवाजाकडे माणूस मान वळवत नाही. तिथे इशाऱ्याची लय वेगळी हवी आणि तिच्यापाठोपाठ कर्ण्यावरून माणसाचा आवाज हवाच.

आता विजेचं. पूर आला की महावितरण सुरक्षेसाठी वीज तोडतं, म्हणजे भोंग्याची गरज लागते तेव्हाच भोंगा मुका. चाचणी मेन स्विच पाडून घ्या. घरगुती इन्व्हर्टरवर मोटारीचा भोंगा लावायचा प्रयत्न बरेच जण करतात. मोटार सुरू होताना चालतानाच्या कैक पट करंट ओढते, इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि सगळे भोंग्याला नावं ठेवतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर आणि कर्णे, म्हणजे प्रचाराच्या रिक्षावर असतात तेच, जास्त भरवशाचे. सोबत हाताने फिरवायचा एक भोंगा ठेवा. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज झाली का आणि तिच्यावर सलग अर्धा तास कर्णा चालला का, हे वहीत लिहा. 'बॅटरी आहे' ही नोंद पुरेशी नाही.

कर्णे भिंतीकडे, झाडाच्या डेरेदार फांद्यांकडे किंवा समोरासमोर लावू नका, शब्द एकमेकांत कालवतात. डोंगरकुशीतल्या वाड्यांत प्रतिध्वनी येतो. तिथे चार-पाच शब्दांचं वाक्य बोला, थांबा, मग पुढचं. बोलणारा माणूस आधी ठरवा आणि त्याच्या हातात कागद द्या. ऐनवेळी माइक हातात आला की भल्याभल्यांचं भाषण सुरू होतं.

रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात, तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे, पाताळगंगा अशा ठिकाणी, एक गोष्ट चाचणीच्या आधी घरोघरी सांगावीच लागते. पुराच्या भोंग्याला उंच जागी जायचं असतं आणि वायुगळतीच्या भोंग्याला घरात शिरायचं असतं : दारं-खिडक्या बंद, फटींत ओले कपडे, पंखा आणि एसी बंद. उघड्यावर सापडलात तर वाऱ्याला आडवं चालत बाजूला व्हायचं, वाऱ्याच्या दिशेने धावायचं नाही. अतिधोकादायक कारखान्यांना बाहेरच्या परिसरासह वर्षातून एकदा सराव करावा लागतो. त्यात गाव प्रेक्षक म्हणून उभं राहत असेल तर सरपंचांनी पत्र देऊन भूमिका मागून घ्यावी.

माणसं आणि वही

पंचवीस घरांचा एक गट, गटाला एक प्रमुख आणि एक उपप्रमुख. दोघं एकाच घरातले नकोत आणि एकाच कंपनीचं सिम वापरणारेही नकोत. पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, अंगणवाडीताई, आपदा मित्र (आपत्तीकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) ही माणसं गटांवर वाटून द्या. सगळी एकाच मंचावर उभी करू नका.

प्रत्येक गटाने आपल्या घरांपैकी ज्यांना निरोप समक्षच द्यावा लागेल त्यांची यादी करायची. ज्यांच्याकडे फोन नाही, ऐकू येत नाही, अंथरुणावर आहेत, मळ्यात किंवा वीटभट्टीवर राहतात. ऊसतोडणीच्या टोळ्या आणि परप्रांतीय मजूर या यादीतून हमखास सुटतात, कारण त्यांचं नाव गावाच्या कुठल्याच कागदावर नसतं. यादीतल्या प्रत्येक नावासमोर ज्याने जायचं त्या शेजाऱ्याचं नाव लिहा. 'कुणीतरी जाईल' म्हणजे कुणीच जात नाही.

वहीत सात रकाने आखा : घर, फोनचं मॉडेल, कंपनी, घरात की बाहेर, वाजलेली वेळ, आवाज आला का, मजकूर कोणत्या भाषेत. गावातून किमान वीस फोन निवडा : चार कंपन्यांचे, टूजीपासून फाईव्हजीपर्यंतचे, दोन-तीन बटणांचे, एक मळ्यातला, एक तळघरातल्या दुकानातला, एक डोंगराआडच्या वाडीतला. वेळ भिंतीवरच्या घड्याळाची लिहू नका, फोनवरची लिहा, कारण ती नेटवर्कवरून आपोआप जुळते.

चाचणीच्या दिवशी भोंगा सुरू झाला ती पहिली वेळ. पहिल्या गटाचा 'पोचलं' हा निरोप आला ती दुसरी. शेवटच्या गटाचा आला ती तिसरी. गावाची खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेतल्या अंतरात असते. ते अंतर चाळीस मिनिटांचं निघालं आणि धरणाचं पाणी गावाला तासात पोचत असेल, तर कुठला गट मागे राहिला ते शोधायला आणखी बैठक लागत नाही.

एक माणूस मुद्दाम वेगळ्या कामाला ठेवा. शेवटच्या घरात दार लावून, टीव्ही आणि मिक्सर चालू करून त्याने बसायचं आणि भोंगा ऐकू आला की नाही एवढंच सांगायचं.

हमखास काय बिघडतं

टूजीवर बोलत असलेला फोन त्या क्षणी संदेश उचलत नाही, बोलणं संपल्यावर पुढच्या फेरीत उचलतो. टॉवर तोच संदेश ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा सोडतो आणि एकदा दाखवलेला फोन पुन्हा दाखवत नाही. त्यामुळे बोगद्यातून किंवा घाटातून आलेल्या माणसाला उशिराने वाजलं तर ती चूक नव्हे.

शेजारच्या तालुक्याचा इशारा तुमच्याकडे वाजू शकतो. टॉवरला तालुक्याची हद्द कळत नाही. मजकुरातलं ठिकाण वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट काढून गटात टाकायचाच असेल तर तारीख-वेळेसकट टाका. जुने स्क्रीनशॉट पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फिरू लागतात.

चाचणीच्या सुमारास भामट्यांचेही संदेश येतात : 'इशारे मिळवण्यासाठी ही एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये बाहेरून ॲप बसवणारी फाइल) घ्या', 'फोन नोंदवा, ओटीपी सांगा'. सेल ब्रॉडकास्टसाठी काहीही नोंदवावं लागत नाही. चाचणीचा संदेश तुमच्याकडून काही मागत नाही.

गाडी चालवत असाल तर फोनला हात लावू नका, बाजूला थांबून बघा. हे दवंडीतच सांगा.

आणि एक गोष्ट दवंडीत सांगायची नाही. काही घरांत बाईने अडचणीच्या वेळेसाठी फोन लपवून ठेवलेला असतो. सायलेंटवर ठेवलेला फोनही या संदेशाला वाजू शकतो आणि मग लपवलेलं उघडं पडतं. चाचणीच्या तासात असा फोन पूर्ण बंद ठेवावा, हे आशाताईंनी बायकांच्या बैठकीत, बोलण्याच्या ओघात, कुणाकडेही न बघता सांगावं.

समुद्रावरच्या नौकांना किनाऱ्यापासून आत गेल्यावर टॉवरच मिळत नाही. त्यांच्यासाठी व्हीएचएफ या बिनतारी संचाचा १६ नंबरचा चॅनल. चाचणीच्या दिवशी बंदरावरून त्यावर एक निरोप द्या आणि किती नौकांनी उत्तर दिलं ते लिहा.

चाचणी संपल्यावर

'चाचणी संपली' हे भोंगा नव्हे, माणसाचा आवाज सांगेल. कर्ण्यावरून तीनदा. मग संदेश. ते ऐकल्याशिवाय कुणीही आपली जागा सोडायची नाही.

त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी नव्हे, गटप्रमुखांनी वह्या घेऊन बसायचं. न वाजलेल्या फोनांचे ढीग करा : सेटिंग बंद असलेले, नेटवर्क नसलेले, आणि सगळं ठीक असूनही न वाजलेले. पहिल्या ढिगाचं काम तिथेच करा. दुसऱ्यासाठी त्या वाडीत कर्णा किंवा दवंडीची सोय करा. तिसऱ्या ढिगाचे फोन एकाच कंपनीचे निघाले तर दोष फोनचा नाही. मॉडेल, कंपनी, ठिकाण आणि वेळ लिहून एका पानाचं पत्र जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याला द्या, प्रत त्या कंपनीला. 'आमच्या गावात मेसेज येत नाही' अशा तक्रारीवर कुणी हलत नाही. 'या तीन ठिकाणी, या कंपनीच्या सात फोनांवर, अकरा वाजून चार मिनिटांनी आला नाही, शेजारच्या कंपनीचा आला' अशा पत्रावर टॉवर तपासायला माणूस पाठवावा लागतो.

पोचपावती घ्या, वहीला चिकटवा. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, पुराचं पाणी आधी तिथेच शिरतं. एक प्रत शाळेच्या वरच्या मजल्यावर, एक पोलीस पाटलांकडे.